पोरांची सावड

मी मूळची पळसदेवची. आत्ताच्या न्हवं, पाण्याखालच्या पळसदेवची. धरण भरलं तवा मी परकरात व्हते, मला आठवतंय ते एवढंच की आईनं चुलीचं दगड काढून पाटीत घेतलं आन आबा म्हणलं, अगं येडे, वर काय दगडाला तोटा हाय का, तर आई म्हणली तोटा न्हाय, पर त्या दगडास्नी माझा हात कुठं ठावा हाय. ती चूल तिनं मरस्तवर वापरली. उन्हाळ्यात पाणी हटलं की जुन्या देवळाचं शिखर वर येतं, आता लोकं गाड्या घिऊन फोटू काढाय येत्यात, तवा आमीच जायचो, चिखलातनं, आन आई काठाला हुबी ऱ्हाऊन पाण्याकडं तोंड करून हाळी मारायची, हायसा का गं घरात? जुन्या शेजारणींची नावं घिऊन. आमी पोरी हसायचो. एकदा मी म्हणलं, आये, कोण व्हय म्हणणार हाय तुला, समद्या तर वरच्या गावात ऱ्हायला आल्यात, तर म्हणली, माणसं वर आली गं, हाळीची वळख खालीच ऱ्हायली. ते मला तवा कळलं न्हाय. आता कळतं, पर कळून करायचं काय.

लगीन झालं ते हितं, भवानीनगरच्या अलीकडं, कालव्याच्या अंगाला. गावाचं नाव लिवू नका ताई, लिवून तरी काय, हिकडं समद्या गावात तेच चाललंय. आमचा ऊस हाय, उसाच्या कडंनं भाजीपाला, वांगी, दोडका, गवार, हंगामाला जे ईल ते. सासू लई करडी, हसताना मी तिला बघितलीच न्हाय, पर तिनं मला एक गोष्ट शिकवली ती म्हंजी सावड. तुमास्नी ठावं हाय का सावड? आज समद्याजणींनी माझ्या रानात खुरपायचं, उद्या तुझ्या, परवा तिच्या. मजुरी न्हाय, पैका न्हाय, हाताला हात. मी तुझ्या रानात एक पाळी केली की तुझ्यावर एक पाळी चढली. आन सासू म्हणायची, बाई, जेवायचं इसरलीस तरी चालंल, पर सावड अंगावर ठिवून कुणी कुठं जायचं न्हाय. म्हायेरी जायचं असलं तरी आदी पाळी फेडायची, मग एसटी धरायची. तसं मी ऐकलंय तिचं, आई आजारी म्हणून सांगावा आला तवाबी सिंधूच्या कांद्याची पाळी करूनच गेले.

सिंधू म्हंजी माझी धाकली जाऊ. दीर आन आमचं मालक सख्खं भाऊ, बांधाला बांध. तिच्या संगं मी लई खुरपलंय, तिला गाणी येत न्हाईत पर गावातल्या नकला लई येत्यात, सरपंचाची बायको कशी चालती ते ती खुरप्यानं चालून दाखवायची. मग काय झालं, पाटाच्या पाण्यावरनं झालं. आमच्या पाळीचं पाणी त्यांच्या उसात गेलं, कुणी फोडलं कुणी न्हाय, देवाला ठावं. बोलणं बंद झालं. तिची म्हस व्याली तरी खरवस आला न्हाय, आन माझ्या थोरल्याच्या, दत्ताच्या लग्नात ती मांडवात आली पर जेवली न्हाय. असं आमचं.

पर पोरं ऐकत्यात व्हय? माझा धाकला सोमा आन तिचा अक्षय, एका वयाची, एका शाळंतली. आमी दोघी एकमेकीची तोंडं बघत न्हवतो आन ही दोघं एका फटफटीवर बसून बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जायची. कंत्राटी काम. कवा दिवसाची पाळी, कवा रातची. सोमा माझा लई बोलका, ताई, म्हंजी एवढा बोलायचा की मालक म्हणायचं ह्याला रेड्यूत पाठवा. गल्लीच्या तोंडाला फटफटी वाजली की मी गोठ्यातनं इचारायची, आलास का रं? आन त्यो तिकडनंच म्हणायचा, हाय, आये. हाय म्हंजी आलो, हाय म्हंजी बरा हाय, हाय म्हंजी भाकरी टाक. आमच्यात एका हायमधी समदं येतं.

मग त्याचं बोलणं कमी झालं. कधी झालं ते न्हाय सांगता येत, दिवस मावळताना कुठल्या क्षणाला मावळला ते सांगता येतं का? तवा त्याला स्थळं बघत व्हतो. हिकडं पोरास्नी पोरी मिळंनात, तुमी बघताय की, पोरीचा बाप पयलं इचारतो नोकरी कायम हाय का, मग इचारतो पुण्यात घर हाय का, शेती हाय म्हणलं तर म्हणतो शेती असावी पर पोरीनं करू नये. एका ठिकाणी कांदेपोहे खाऊन आलो, पोरगी आवडली, त्यालाबी आवडली, मी त्याच्या तोंडावर बघितलं ना. तिकडनं निरोप आला, कंत्राटी हाय, नगं. त्यानंतर त्यो आरशाम्होरं हुबा ऱ्हायनासा झाला. आमी म्हणलं, लगीन जमंना म्हणून पोरगं खट्टू हाय, लगीन जमलं की हुईल नीट. समदा गाव हेच म्हणतो. दारू पितंय? लगीन करा. गप बसतंय? लगीन करा. जणू लगीन म्हंजी सुईच हाय, टोचली की झालं.

आन मी त्याच्या तोंडाचा वास घेत व्हते. हसू नका. हिकडची कुठली बी आई घिऊन या, पोरगं दारात आलं की ती पाणी द्यायच्या निमतानं जवळ जाती आन वास घेती. दारूचा वास न्हाय, गुटख्याचा न्हाय, बिडीचा न्हाय. मी देवाम्होरं हात जोडायची, म्हणायची माझं पोरगं निर्मळ. मला काय ठावं की आता नशंला वासच ऱ्हायला न्हाय. झोपंच्या गोळ्या. पोरं त्याला बटण म्हणत्यात. रातपाळीवरनं आलं की दिवसा झोप लागत न्हाय, मग एक बटण, मग एकानं भागंना, मग झोपंसाठी न्हाय तर जागेपणी काय वाटू ने म्हणून. अंगावर मरगळ, डोळं जड, बोलताना जीभ हळू. आमी म्हणलं पाळ्यांनी दमतंय पोरगं. मी त्याला दुधात हळद घालून देत व्हते.

त्या दिवशी सकाळी फटफटी वाजली. मी धार काढत व्हते. इचारलं, आलास का रं? म्हणला, हाय. निस्तं हाय म्हणला, आये म्हणला न्हाय. म्हशीनं तवाच पाय झाडला, मी चरवी सांबाळली, धार पुरी केली, च्या टाकला, कप घिऊन बाहीर आले तर फटफटी हुबी आन त्यो न्हाय. वाटलं परसाकडं गेला असंल. च्या गार झाला. मग कालव्यावरनं माणसं पळत आली.

पडला का काय झालं, ते मला इचारू नका. पोलिसांनी इचारलं, पावण्यांनी इचारलं, मालकांनी तर मला न इचारता इचारलं, निस्तं बघून. मला ठावं न्हाय आन आता ठावं व्हायचं न्हाय. त्यो हाय म्हणला, ते मी ह्या कानांनी ऐकलंय. आन त्यो न्हवता. हाय म्हणणारं माणूस नसतं कसं? आजून सकाळी धारंला बसले की मला ते ऐकू येतं. खरंच येतं. मी मान वळवत न्हाय.

तिसऱ्या दिवशी सावडायला जायचं व्हतं. आमच्यात राख गोळा करत्यात त्याला सावडणं म्हणत्यात, तुमच्याकडंबी म्हणत असतील. राख पाण्यात सोडायची रीत, पर मी म्हणलं न्हाय. पाण्यानं आमचं गाव नेलं, पोरगं नेलं, आता राख बी देणार न्हाय. रानात खड्डा घ्या म्हणलं, वर जांभूळ लावू. मालकांनी कुदळ काढली. निघताना दत्ताची लेक गौरी, तवा बालवाडीत जायची, ती डोक्याला टापरं बांधून, हातात तिचं बारकं खुरपं घिऊन दारात हुबी. तिच्या कानावर आलं व्हतं, सावडायला जायचंय. तिला वाटलं सावडीला जायचंय. म्हणती, आज्जी, आज कुणाच्या रानात हाय सावड?

काय सांगू तुमास्नी. अंगण भरून माणसं व्हती. सूनबाईनं तोंडात पदर कोंबला. कुणी त्या लेकराच्या हातातनं खुरपं घ्याय म्होरं व्हईना. तवा सिंधू उठली. इतकी वर्सं बोलली न्हवती, आन त्या दिवशी बी माझ्याशी बोलली न्हाय. भांडण असलं तरी सुतक चुकत न्हाय, भावकी ती भावकी, म्हणून आली व्हती. ती गौरीम्होरं बसली आन म्हणली, दे बया खुरपं हिकडं, तुझ्या वाटची पाळी मी करती. आन ते बारकं खुरपं कमरंला खोचून ती आमच्या म्होरं चालाय लागली.

राख सावडताना मी मान वर केली तर समोर अक्षय हुबा. पोरं रडत व्हती, त्यो रडत न्हवता. डोळं जड, पापण्या सुजलेल्या, कुणी हाक मारली तर येळानं मान वळवायचा. तेच डोळं, ताई. माझ्या घरात म्हयनोनम्हयनं मी जे डोळं बघितलं आन दमलाय म्हणलं, तेच. सोमा गेला त्याचं दुःख एका बाजूला ऱ्हायलं, माझ्या मनात आलं, ह्यो पण चालला.

सुतक फिटलं तशी मी बांध वलांडून सिंधूच्या दारात गेले. म्हणलं, सिंधू, पोराचं बघ. त्याचं लक्षान बरं न्हाय. तर ती इंगळागत तडकली. म्हणली तुझा गेला म्हणून माझ्यावर डोळा हाय व्हय तुझा? माझ्या पोराला नावं ठिवाय आलीस? माझं पोरगं दारूच्या थेंबाला शिवत न्हाय, रोज वास घेती मी त्याच्या तोंडाचा. मला रडू न्हाय आलं, हसू आलं, कसलं हसू ते इचारू नका. मी म्हणलं, बाई, मी बी घेत व्हते. एवढंच म्हणलं आन आले परत.

आठवडा गेला असंल. मी गवार तोडत व्हते, तर सिंधू बांधावर येऊन बसली. हातात गोळ्यांची रिकामी पाकिटं, ओंजळभर. फटफटीच्या शिटाखाली सापडली म्हणली. आता काय करू, ह्याच्या बापाला सांगितलं तर त्यो ह्याला मारंल आन हा जाईल निघून. आन मग पदराच्या शेवानं बांधावरची माती उगंच पुसत बसली. मी म्हणलं, सावड करू. ती म्हणली कसली सावड, डोकं फिरलं का तुझं. मी म्हणलं, पोरांची. आईनं इचारलं की पोरगं खोटं बोलतं, बापानं इचारलं की भांडतं. काकूनं इचारलं तर गप बसंल, पर गप बसंल म्हंजी उठून तरी जायचं न्हाय. तुझ्या पोराला माझ्या दारात पाठीव. मी इचारती, मी बघती, मी जेवाय घालती. ती म्हणली, आन मी तुझ्या कुठल्या पोराचं करू? बोलून गेली आन तिलाच कळलं काय बोलली. मी म्हणलं, दत्ताची गौरी हाय, ती मोठी हुईल तवा कर. आन न्हाय जमलं तर पाळी तुझ्यावर ऱ्हाऊ दी.

मग बारामतीच्या दवाखान्यात मनाचं बघणाऱ्या एक मॅडम भेटल्या. चांगली बाई. अक्षयला डाक्टरकडं त्यांनीच बसवला. त्या म्हणल्या ह्या गोळ्या एकदम तोडायच्या न्हाईत, अपाय व्हतो, हळूहळू कमी करायच्या, ते डाक्टर सांगतील तसंच. बरं झालं म्हणल्या, न्हाय तर आमी समद्या गोळ्या चुलीत घालणार व्हतो आन त्याला खोलीत कोंडणार व्हतो. त्या आनखी एक म्हणल्या, का घेतलीस म्हणून इचारू नका, आज कसा गेला दिवस एवढं इचारा. मी म्हणलं मॅडम, हे तर सोपं हाय. त्या म्हणल्या, करून बघा. खरंच की वो, लई अवघड हाय. जिभंवर का येऊन बसतं.

अक्षय पयल्यांदा आला तवा भाकरीकडं बघत बसला. मी बी बसले. मालक बसले. म्हशीनं दावं सोडवून घेतलं तवा आमी तिघं मिळून तिच्या मागं पळालो, गोठ्यातल्या शेणात फसून त्याची चप्पल तुटली, तवा त्यो हसला. त्या म्हशीचे उपकार हायत.

बायांत गोष्ट फुटायला काय येळ लागतो. पोरांचं कुणाच्या घरात काय, ते समद्यास्नी आतनं ठावं असतं, बोलत कुणी न्हाय. खुरपताना एक बोलली, मग दुसरी बोलली. कुणाचं पोरगं मोबाईलवर पैशाचा डाव खेळतंय, कुणाचं फटफटीचं पंक्चर काढायचं सोल्युशन हुंगतंय, एका बाईची पोरगी बारावीत नापास झाली तवापासनं जेवतच न्हाय, पोरींचं बी असतं, पोरींचं तर कुणी बघतच न्हाय. मग ठरलं. आपलं लेकरू दुसरीच्या घरात. माझ्या घरात तुझं, तुझ्या घरात तिचं. कामावरनं, कालिजातनं येताना त्या घराम्होरं हाळी मारायची. आन नेम मी घातला. निस्तं हाय म्हणून चालायचं न्हाय. दारात येऊन तोंड दाखवायचं, एक घास खायचा, मग घरी. बाकीच्या म्हणल्या एवढं कशाला, आवाज आला म्हंजी पोरगं हाय. मी म्हणलं, न्हाय. आवाज आला म्हंजी हाय असं नसतं.

शाळंतनं एकदा फेरी काढली व्हती, व्यसन सोडा, संसार जोडा. लेकरं घसा फुटस्तवर वरडत व्हती आन टपरीवरची बापई तोंडातली पिचकारी दाबून टाळ्या वाजवत व्हती. दवाखान्यातल्या मॅडमला सांगितलं तर त्या सुदीक हसल्या. पर त्याच टपरीवाल्याला आमी बायांनी गाठलं, म्हणलं शाळंतल्या पोरास्नी काय दिलंस तर तुझ्या आईकडं येऊन बसू. त्याची आई आमच्याच सावडीतली. त्यो सरळ झाला. आता चोरून देतो का म्हणाल तर देत असंल, मी काय देव न्हाय.

आता जे सांगती ते अक्षयनं सोताच समद्या पोरांम्होरं सांगितलंय, म्हणून सांगती, न्हाय तर मी तोंड उघडलं नसतं. वर्स झालं असंल. गोळ्या सुटल्या व्हत्या, पोरगं अंगानं भरलं व्हतं. एक दिवस दुपारी फटफटी वाजली, अक्षयनं हाळी मारली, हाय काकू. मी भाकरीचं पीठ मळत व्हते. म्हणलं ये आत. तर फटफटी म्होरं गेली. तोंड दाखवलं न्हाय. मी तशीच उठले, पिठाच्या हातानं, रस्त्याला येऊन हाळी दिली. म्होरच्या घरातली बाहीर आली, म्हणली हितनं गेला. तिनं म्होरं हाळी दिली, तिथली म्हणली कालव्याकडं वळला. बाया बाया करत हाळी गेली, त्याच्या फटफटीच्या म्होरं गेली म्हणा की. मी पोचले तवा पुलाच्या कठड्याला पवारांची म्हातारी त्याचा शर्ट धरून बसली व्हती. त्यो तिला म्हणत व्हता सोड की आज्जी, मी निस्ता बसलोय. म्हातारी म्हणत व्हती, मग मी बी निस्ती धरलंय.

मी म्हातारीला लांब बसवलं आन त्याच्याजवळ बसले. खाली पाणी. त्याच पाण्याकडं बघायचं मी टाळत व्हते इतकं दिवस. मी म्हणलं तोंड का न्हाय दाखवलंस? त्यो म्हणला, काकू, मला तोंड दाखवाय जागा न्हाय. मग म्हणला, सोमाला पयली गोळी मी दिली. पोरगी बघून आला तवा झोप यीना त्याला, मी म्हणलं घे, काय व्हत न्हाय. मी रोज तुझ्या घरात भाकरी खातो, काकू, आन ती माझ्या नरड्याखाली उतरत न्हाय.

मला काय झालं म्हणून सांगू. हात उठला माझा. पिठाचा हात. लई वाटलं हाणावं, लई वाटलं वरडावं, एकदा तर असंबी वाटलं की उठून जावं आन ह्याला ह्याच्या पाण्याजवळ सोडावं. व्हय, वाटलं. लपवून काय करू. माझ्या पोटचा गेला व्हता. पर त्याच्या कमरंकडं माझं ध्यान गेलं, शर्ट फाटला व्हता तितं, म्हातारीनं धरलेला. आन माझ्या तोंडातनं सासूच निघाली. मी म्हणलं,

“सावड अंगावर ठिवून कुणी कुठं जायचं न्हाय. माझं एक पोरगं तुझ्यावर हाय. फेड आदी. मग कुठं जायचं ते जा.”

मग त्याचा हात धरला. मी म्हणलं, ऊठ, पीठ वाळतंय माझं.

मालकांना त्यानंच सांगितलं, त्याच सांजंला. मालकांनी ऐकलं. उठून रानात गेलं, जांभळीपाशी बसलं. लई दिवस त्यो आला की मालक ताट घिऊन वट्यावर जायचं. मी बी त्यास्नी आत या म्हणलं न्हाय. मग एका दिवशी तितनंच म्हणलं, त्याला चटणी वाढ, त्याला तिखट लागतं. सोमाला तिखट लागायचं, अक्षयला न्हाय. अक्षयनं खाल्ली, डोळ्यातनं पाणी काढत खाल्ली.

आता त्यो कायमवर लागलाय, दुसऱ्या कारखान्यात. मधी एकदा घसरला व्हता, आला सरळ सांगाय, काकू घसरलो, मग आमी परत डाक्टरकडं गेलो. त्याच्या हाताखाली आता आनखी पोरं हायत, त्यांच्या हाळ्या त्यो घेतो. लगीन न्हाय जमलं आजून. जमंल, न्हाय जमलं तर न्हाय, माणूस लग्नावाचून मरत न्हाय, हे मी आता समद्यास्नी सांगती.

एकच सांगती आन थांबती. गेल्या साली, सोमाचं वर्सश्राद्ध जवळ आलं की मला व्हतं तसं झालं. मी उठलेच न्हाय. सूनबाई म्हायेरी, मालक रानात, म्हस वरडतीया, आन मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले. कानात तेच चाललेलं, हाय, हाय. मला वाटाय लागलं त्यो हितंच हाय, मीच न्हाय. तेवढ्यात भायेरनं अक्षयची हाळी आली, हायस का काकू? मी आतनंच म्हणलं, हाय रं बाबा, जा तू. फटफटी बंद झाली. चपला काढल्याचा आवाज आला. आन त्यो खोलीच्या दारात येऊन हुबा ऱ्हायला आन म्हणला,

“निस्तं हाय म्हणून चालत न्हाय, काकू. तोंड दाखव.”

मी तोंड फिरवलं त्याच्याकडं. मग रडले म्हणजे काय, सोमा गेला तवा बी तशी रडले न्हवते. त्यानं म्हशीची धार काढली, कशीबशी, च्या केला, त्यात साखर इसरला. मी प्याले. पिता पिता मला उमगलं की आज माझ्या रानात सावड आलीया. त्याच्यावरची माझी पाळी फिटली.

पर हे मी त्याला सांगितलेलं न्हाय. आजून तुझ्यावर हाय म्हणती. अधनंमधनं आठवण बी करून देती, लई बाकी हाय रं तुझी. फिटली म्हणलं आन गेला तर? तवा तुमी लिवा, पर ह्ये त्याच्या हातात देऊ नका. तसा त्यो वाचत न्हायच म्हणा, मोबाईलमधी डोकं असतं मेल्याचं, सुखी ऱ्हा म्हणावं. सिंधूला मातुर ठावं हाय. ती म्हणली, आक्का, तू जित्ती हायस तवर फिटू दिऊ नगंस.

गौरी आता सिंधूच्या दारात जाती, शाळंतनं आली की. आठवीत हाय, बोलायचं कमी केलंय तिनं. सिंधू बघती. मी घाबरत न्हाय असं न्हाय. 

ऐका, वाजली का फटफटी? अक्षयचीच हाय. बसा, उठू नका, तुमी बी दोन घास खाऊन जा. आता हाळी मारंल बघा.

आलास का रं?

आली का हाळी? ऐकली न्हवं तुमी बी? म्हंजी आज निस्ती माझ्याच कानाला आली असं न्हाय. ये बाबा, दारात ये. तोंड दाखव.